पटावरच्या अकरा मुली

“अकराच्या अकरा पोरी एकाच दिवशी शाळेत आल्या, मास्तर?”

बेहेरे मास्तरांनी मान वर केली, पण पाहिलं ते माझ्या डाव्या खांद्यापलीकडे कुठेतरी. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे दुधाळ झाले होते.

“आल्या,” ते म्हणाले.

“दोन ऑगस्ट एकोणीसशे सदतीस, सोमवार. तोवर पटावर मुलगे एकोणतीस. शाळा चालू राहायला पट हवा चाळीस. आणि नेमक्या अकराच पोरी आल्या? दहा नाही, बारा नाही?”

“अकराच मिळाल्या हो,” मास्तर शांतपणे म्हणाले. “बारावीच्या बापानं कुत्रं अंगावर सोडलं.”

आता हे ऐकून दुसरा कुणी हसला असता. मी नाही हसलो. माझा स्वभावच तसा. दूध घेताना त्यात बोट बुडवून बघणारा, देवळातल्या नारळाचंसुद्धा पाणी कानाशी हलवून ऐकणारा मी. आज सत्तरीला टेकलो तरी खोड गेलेली नाही, पण तेव्हा, त्र्याऐंशी साली, अठ्ठावीस वर्षांच्या अंगात ती भलतीच जोरात होती.

कातळवाड्याच्या फाट्यावरच्या हायस्कुलात मी दोन वर्षांपूर्वी मास्तर म्हणून लागलो होतो. गावात त्याआधी होती ती जुनी इंग्रजी शाळा. आठ साली ती देवळाच्या ओसरीत सुरू झाली आणि अकरा साली गावानं तिला इमारत बांधली. घरटी शंभर चिरे प्रत्येकानं डोक्यावरून वाहून आणून दिले म्हणतात. तीन वर्ग, एक ऑफिस, पुढं लांब पडवी, मागं फणस आणि घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा. इंग्रजी पहिली ते तिसरी. सहासष्ट साली हायस्कूल निघालं आणि शाळा बंद पडली. मग तिथं गणपतीच्या मांडवाचे वासे, ग्रामपंचायतीचा चुना, असलं काय काय भरलं गेलं. आता शाळेच्या पंचाहत्तरीला गावकऱ्यांनी ठरवलं होतं, इमारत दुरुस्त करायची, तिथं वाचनालय काढायचं आणि दारावर नाव लावायचं ते बेहेरे मास्तरांचं. एकतीस वर्षं त्या माणसानं ती शाळा एकट्याच्या जिवावर चालवली होती. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम आलं माझ्याकडे, आणि ऑफिसातल्या कपाटाची किल्ली मास्तरांनी आपल्या हातानं मला दिली.

त्याच किल्लीनं मी त्यांचं नाव पुसायला निघालो होतो.

“बरं, या मुली आता कुठं आहेत?”

“आपापल्या घरी असतील.”

“एकही दिवस गैरहजर नाही यातली एकही. भातलावणीच्या दिवसांत मुलगेसुद्धा आठ-आठ दिवस गायब आहेत, आणि पोरी रोज हजर? सगळ्यांच्या नावापुढं औषधालासुद्धा एक खाडा नाही!”

“हजर होत्या, म्हणून हजर मांडल्या.”

“आणि शाळा सोडल्याचं कारण? तो रकाना अकराही जणींचा कोरा का?”

मास्तर धोतराचा सोगा गुडघ्यावर नीट करत राहिले. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

मी गाव पालथा घातला. रजिस्टरात पालकांची नावं होती, त्या घरांत जाऊन विचारलं. सत्यभामा कोण? लाडूबाई कोण? रखमा, चंद्रभागा कोण? म्हातारीकोतारी माणसं एकमेकांकडे बघायची आणि हात झटकायची. “आमच्या घरातली पोर आणि इंग्रजी शाळेत? भलतंच काय विचारता सर!” एका घरी तर चहा ठेवला होता तो उतरवला. चंद्रभागेच्या पालकाचं घर बंदच होतं, दारात रान माजलं होतं, माणसं मुंबईला गेली ती गेलीच.

जुने विद्यार्थी होते त्यांना गाठलं. स्मरणिकेच्या समितीचे अध्यक्ष दाजी शिर्के त्याच सालचे. त्यांनी मिशी पुसत सांगितलं, “पोरी? आमच्या वर्गात? छे हो! असती एखादी तर आम्ही शाळा बुडवली असती का?” हसनभाई मुकादमांनीही तेच सांगितलं. पण बोलता बोलता दाजींनी एक गंमत सांगितली, ती मला भारी कामाची वाटली.

“आमच्या शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी मास्तर पोराला एक इंग्रजी शब्द द्यायचे. ज्याचा त्याचा वेगळा. आपलं नाव पुकारलं की आपला शब्द बोलायचा, मास्तर म्हणाले तर स्पेलिंगही करायचं. माझा ‘लॅडर’. शिडी! म्हणून तर चढलो सरपंचापर्यंत.”

“आणि माझा ‘पिलो’,” हसनभाई म्हणाले. “तो अजून उशाला आहे.”

“हे शब्द कुठं लिहिलेले आहेत?”

“लिहायचे कशाला? मास्तरांच्या डोक्यात आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात.”

मी तडक मास्तरांच्या घरी गेलो. म्हटलं, आता सापडले.

“मास्तर, त्या अकरा मुलींना तुम्ही शब्द दिले होते का?”

“दिले होते.”

“मग सांगा. चंद्रभागेचा कुठला?”

“तो तिचा आहे, तोरस्कर सर. विचारायचा तर तिला विचारा.”

“अहो, पण ती आहे कुठं?”

मास्तर चाचपत तांब्याजवळ गेले, घोटभर पाणी प्यायले. मग म्हणाले, “मी शब्द दिलाय.”

“तेच विचारतोय, कुठला शब्द?”

ते नुसते हसले. मला वाटलं, म्हातारा मला खेळवतोय. रागानं मी उठलो. आईनं त्यांच्यासाठी दिलेला घावनांचा डबासुद्धा आदळूनच ठेवला.

हो, ते सांगायचं राहिलं. तिथं माझी आई माझ्याजवळ राहत होती. बाबा गेल्यावर मी तिला आमच्या गावाहून कातळवाड्याला आणलं. शाळेच्या मागच्या अंगालाच आमची भाड्याची खोली. आई साधी, कमी बोलणारी, अंगठा उठवणारी बाई. तिचा जीव दोनच गोष्टींत, माझ्यात आणि मांजरात. मांजराचं नाव थिंबली. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून थेंबावरून थिंबली, अशी माझी समजूत. लहानपणापासून आमच्या घरात सहा मांजरं झाली, काळी, पिवळी, ठिपक्याची, बिनठिपक्याची. आईनं प्रत्येकीला त्याच नावानं हाक मारली. माझ्यासारख्या संशयी माणसाला याचा कधी संशय आला नाही, बघा!

मास्तरांकडे जाताना ती रोज काहीतरी द्यायची. कधी घावन, कधी फणसाची भाजी. मी चिडायचो. “तुझी ओळख ना देख, आणि डबे कसले पाठवतेस?”

“एकटा म्हातारा माणूस आहे, खाईल,” एवढंच म्हणायची.

त्याच आठवड्यात आक्काचं, माझ्या मुंबईच्या बहिणीचं, पत्र आलं. निळं आंतरदेशीय. आई चुलीपुढून उठून हात पुसत आली आणि पाटावर बसली. घरात पत्र आलं की बाबा मोठ्यानं वाचायचे आणि ती अशीच बसून ऐकायची. बाबांनंतर ते काम माझं.

मी वाचत गेलो. पोरांची खुशाली, पाण्याची कटकट. मधे आक्कानं लिहिलं होतं, “आईला इतक्यात इकडे आणू नकोस. जागा लहान, आणि ह्यांना तिचं येणं रुचत नाही. तूच काहीतरी सांगून टाक.” मी दमसुद्धा घेतला नाही. वाचलं, “आईला म्हणावं, कधीही ये, पोरं वाट बघतात.”

“बरं,” आई म्हणाली. “ठेव ते फळीवर.”

मी पत्र फळीवर ठेवलं. लपवायचं कशाला? तिला थोडंच वाचता येत होतं.

इतिहासाचं प्रकरण मी लिहून काढलं. ‘पटावरच्या खोट्या मुली’ असं वर नाव दिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. सरकारी पट भरायला एका आदरणीय शिक्षकानं अकरा काल्पनिक मुली जन्माला घातल्या, त्यांना तीन वर्षं हजर मांडलं, तिसरी पास केलं आणि मग पाटी पुसावी तसं पुसून टाकलं. लिहिताना मला फार चेव आला होता. वही तशीच उघडी टाकून मी हायस्कुलात गेलो.

संध्याकाळी जेवताना आईनं विचारलं, “मास्तरांचं नाव नाही लागणार का रे दारावर?”

“तुला कुणी सांगितलं?”

“गावात बोलतात.”

“लागता कामाच नये. लबाडी केली त्यांनी. ज्या मुली नव्हत्याच त्यांच्या जिवावर शाळा चालवली. रविवारी समितीपुढं मी सगळं काढणार आहे.”

आईनं ताटातला दहीभात बाजूला काढला आणि मांजरापुढं ठेवला. “नव्हत्याच?” तिनं विचारलं.

“असत्या तर एक तरी सापडली असती.”

ती ताटं उचलून मोरीकडे गेली.

रविवारी दुपारी जुन्या शाळेच्या मधल्या वर्गात समिती बसली. वासे बाहेर काढून जागा झाडली होती. दाजी, हसनभाई आणि आणखी चार जुने विद्यार्थी. मास्तरांना दाजींनी हाताला धरून आणलं आणि त्यांच्याच जुन्या खुर्चीवर बसवलं. मी प्रकरण वाचून दाखवलं. वाचून संपलं. बाहेर फणसावर कावळा ओरडत होता तेवढाच आवाज.

“मास्तर,” दाजींचा आवाज फाटला होता, “एक शब्द बोला हो. खोटं आहे म्हणा. आम्ही या सरांना आत्ता फाट्यापर्यंत पोचवून येतो.”

“सगळ्या हजर होत्या,” मास्तर म्हणाले. “यापुढं मला बोलता येत नाही.”

“बोलता येत नाही, कारण बोलायला काही नाहीच!” मी उठलो. माझ्या हातात अडतीस सालचा हजेरीपट होता. “ठीक आहे. तुमच्याच पद्धतीनं बघू. मी हजेरी घेतो. कुणी शब्द बोललं तर मी माझी ही प्रकरणाची वही इथंच फाडतो.”

हा माझा चहाटळपणा होता, दुसरं काही नाही. आज आठवलं की कानशिलं तापतात.

“सत्यभामा!” मी पुकारलं आणि मुद्दाम थांबलो. सगळे खाली बघत होते. “लाडूबाई! रखमा!” प्रत्येक नावाला मी थांबत होतो, दाराकडे बघून हात पसरत होतो. चार, पाच, सहा नावं झाली.

“चंद्रभागा!”

“थिंबल.”

आवाज पडवीतून आला. मी वळून पाहिलं तर दारात आई उभी. इस्त्रीचं नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर, पायांत वहाणा नाहीत.

“आई, मांजर नाही आलं इकडे,” मी वैतागून म्हटलं. “नंतर शोध. सभा चाललीय.”

ती माझ्याकडे बघतच नव्हती. खुर्चीकडे बघत होती. आणि तिकडे मास्तर उठून उभे राहिले होते. कुणी हात दिला नव्हता, आपले आपणच.

“चंद्रभागा?”

“होय मास्तर.”

“उशीर केलास.”

“घरातलं आवरून यायला वेळ लागला,” आई म्हणाली.

“स्पेलिंग?”

“टी, एच, आय, एम, बी, एल, ई.” एकेक अक्षर तिनं तांदूळ निवडावेत तसं वेगळं वेगळं सांगितलं. “थिंबल. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण.”

“बस खाली,” मास्तर म्हणाले.

आई आत आली. वर्गात एकही बाक नव्हता, तरी ती सरळ खिडकीखालच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. तिथली जागा तिला दाखवावी लागली नाही.

“पुढचं नाव घ्या, सर,” मास्तर मला म्हणाले.

हसनभाईंनी हजेरीपट माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि पहिल्यापासून वाचायला लागले. प्रत्येक नावाला आई उत्तर देत गेली. “सत्यभामा, शब्द ‘पॅरट’. साखरप्याला दिली. तिथं नाव ठेवलं उषा. लाडूबाई, ‘बास्केट’. तिचं सासरचं नाव कमल. रखमा, ‘कँडल’.” इथं ती थांबली. “रखमा पहिल्या बाळंतपणात गेली, मास्तर.”

“मला कुणी कळवलं नाही,” मास्तर म्हणाले, आणि बसले. थोड्या वेळानं म्हणाले, “चालू द्या.”

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. लग्नात बायकांची नावं बदलतात हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या बहिणीचं नाव माझ्यादेखत बदललं, तांदळात अंगठीनं लिहून. माहेरी म्हणावं तर या पोरींना कुणी बायो म्हणे, कुणी सोनी. सासरी झाल्या उषा नि कमल. चंद्रभागा, सत्यभामा ही नावं मास्तरांनी ठेवलेली पटावरची, ती फक्त या चार भिंतींत पुकारली गेली. आणि मी ती गावभर शोधत फिरलो! माझ्या आईला तिचे भाऊ बायो म्हणायचे, बाबा आणि सारं सासर सुमती. लहानपणी ती तीन वर्षं मावशीकडे होती हे मला माहीत होतं. मावशी कुठल्या गावची हे मी कधी विचारलं नव्हतं.

“पण आम्ही कसं पाहिलं नाही तुम्हांला?” दाजींनी विचारलं.

“तुम्ही जेवायला गेलात की आम्ही यायचो,” आई म्हणाली. “बारा ते दोन. मागच्या दारानं, फणसाखालून. लावणीत माणसं शेतावर भाकरीला बसली की आम्ही तशाच चिखलाच्या पायांनी पळत यायचो. मास्तर आमच्यापायी उपाशी राहतात हे ठाऊक होतं आम्हांला, मग खाडा कसा करणार? त्यांची जेवायची वेळ तीच.”

“अहो मास्तर, मग हे सांगायला काय झालं होतं?” हसनभाईंनी विचारलं.

“मुलींच्या बापांना शब्द दिला होता,” मास्तर म्हणाले. “इंग्रजी शिकलेली पोर कोण करून घेणार? कधीही, कुठंही बोलणार नाही, या अटीवर त्यांनी पाठवल्या. पोरींना एकेक शब्द दिला, बापांना एक दिला. तो मला मोडता येत नव्हता.”

“मी कुणाला दिला नव्हता,” आई म्हणाली. मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. “वही फाडणार होतास ना?”

मी सर्वांसमोर वही फाडली. आणि मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी चाचपत माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “घावन छान असतात हो. आज कळलं कुणाच्या हातचे.”

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली, जणू काही झालंच नाही. मी उंबऱ्यात बसलो होतो.

“तुला वाचता येतं?”

“येतं.”

“इंग्रजी?”

“मराठी चांगलं. इंग्रजी विसरले बरंच.”

“मग बाबा असताना... इतकी वर्षं...”

“ह्यांची मराठी चौथी. मी तिसरी इंग्रजी. पहिल्याच महिन्यात ह्यांनी पत्र वाचून दाखवलं. किती हौसेनं वाचायचे, आठवतं ना? म्हटलं, वाचू देत. एकदा नाही सांगितलं, मग सांगायची वेळच गेली.” तिनं फुंकणीनं जाळ केला. “माझी आई आजारी पडली तेव्हा भावाचं कार्ड आलं होतं. ‘शेवटची भेट हवी तर लगेच पाठवा.’ ह्यांनी वाचलं, ‘आईचं दुखणं उतारावर आहे.’ तू दोन महिन्यांचा होतास, बाहेर पाऊस, नदीला पूर. माझ्या काळजीनंच वाचलं हो तसं. कार्ड फळीवर होतं. ते शेतावर गेल्यावर मी वाचलं.”

“मग? गेलीस?”

“कशी जाणार? मला वाचता येत नव्हतं ना.”

मला रडू आवरेना. आई उठली नाही, जवळ आली नाही, भाकरी थापत राहिली. थिंबली येऊन माझ्या पायाला अंग घासायला लागली आणि तेवढ्यात माझी नजर वर गेली. फळीवर आक्काचं निळं पत्र होतं. मी टाकलं होतं तसं नाही, नीट घडी करून, डब्याखाली ठेवलेलं.

आईनं माझी नजर पाहिली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

इमारतीच्या दारावर आज मास्तरांचं नाव आहे, आणि आत भिंतीवर अकरा मुलींची, पटावरचीच. ते सगळं रीतसर झालं. मला मात्र आठवतो तो त्यानंतरचा गुरुवार. पोस्टमन आक्काचं दुसरं पत्र देऊन गेला. मी ते न फोडता आईपुढं धरलं.

तिनं हात पुसले, पाट ओढला आणि नेहमीसारखी बसली.

“तूच वाच,” ती म्हणाली. “मला ऐकायला आवडतं. पण सगळं वाच.”